बूट आपटायची जागा

आमच्याकडे पेस्टीवर, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीवर, केचप ओतणारे आणि ग्रेव्ही ओतणारे एकमेकांच्या घरी जेवायला जात नाहीत. सोयरीक जुळवताना हे आधी विचारून घेतात.

*

टक. टक-टक. फर्र. म्हणजे हायडन.

*

"...कलेचा एक विषय उत्तीर्ण झाल्याचा दाखला १२ मेपर्यंत न मिळाल्यास आपली नर्सिंगची जागा प्रतीक्षायादीतील पुढील उमेदवारास देण्यात येईल."

*

माझी आई वेलदोड्याचा पाव मळताना एक चाल गुणगुणते. मध्येच एका ठिकाणी उजवा पाय दाणकन आपटते आणि पुढचं गुणगुणायला लागते. मांजर दोन सेकंद आधीच उठून बाहेर गेलेलं असतं.

*

बर्फावरच्या हॉकीच्या बुटाचं पातं सीडीवरून हलक्या हाताने फिरवलं तर काय होतं? काहीच नाही. जोरात फिरवलं तर? सगळंच.

*

आता हे ओळीने सांगते.

मी लेम्पी कांगास. तेव्हा चौतीस वर्षांची. म्हाताऱ्यांच्या आश्रमात बारा वर्षं चादरी बदलल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिथल्या नर्सबाई माझ्याहून फार काही वेगळं करत नाहीत, फक्त त्यांच्या हातात सुई असते. मग मी नर्सिंगला अर्ज केला. शरीरशास्त्र, रसायन, गणित, सगळं रात्रपाळी सांभाळून पार पाडलं. राहिला एक विषय, कलेचा.

टेकडीवरच्या आमच्या कॉलेजात कलेचे तीन विषय होते. चित्रकला, म्हणजे रंग स्वतःचे आणायचे. नाटक, म्हणजे लोकांसमोर रडायचं. आणि संगीताचा आस्वाद, म्हणजे बसायचं. मी बसायचं ठरवलं.

"चांगलं केलंस," आई म्हणाली. "मीपण बासष्ट साली तेच घेतलं होतं. ट्रेव्हॅरो अजून आहेत ना? तेव्हा केस होते त्यांना."

मग तिने शिवणाच्या डब्यातून एक वही काढून माझ्यापुढे टाकली. कव्हरवर पिठाचे डाग. आत चार-पाच निरनिराळी अक्षरं, कारण वही आईकडून मावशीकडे, मावशीकडून तिच्या जावेकडे, अशी फिरून परत आली होती.

वहीत हे होतं:

*सुरुवातीलाच खर्रर्र, मग लाटेसारखी घरघर: बाख. (घरघर डावीकडून आली तरच. उजवीकडून आली तर हेंडल.)*

*तीन टक, एक थांबा, दोन टक: हायडन, चार वाद्यांची चौकडी.*

*मासा तळल्यासारखा आवाज: शूबर्ट. रेकॉर्डवर कोणीतरी कॉफी सांडली होती. एल्सीने. (मी नाही. एल्सी.)*

*चिकटली की बूट: क्रेबिट्झ. हा कधी चुकायचा नाही.*

परीक्षा कशी असते ते आईने सांगितलं. सर वीस रेकॉर्ड काढतात, प्रत्येकीवर मधेच कुठेतरी सुई टाकतात, चाळीस सेकंद वाजवतात आणि उचलतात. तुम्ही लिहायचं: कोणाचं, कोणत्या काळातलं, आणि इथे काय चाललंय ते एका वाक्यात. वीसपैकी चौदा आले की पास. रेकॉर्ड त्याच जुन्या, सुईच्या जागाही जवळपास त्याच. मग संगीत कशाला ओळखत बसायचं? ओरखडा ओळखला की झालं.

"म्हणजे तू संगीत ऐकलंच नाहीस?"

"पास झाले ना? प्रश्न काय विचारतेस, पाव खा."

*

मी ऐकण्याच्या खोलीत जाऊन बसायला लागले. कानाला हेडफोन, मांडीवर वही, डोळे मिटलेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई संगीतात बुडाली. मी टक मोजत होते.

शेजारच्या खुर्चीत ड्वेन बेलांजे असायचा. कॉलेजच्या हॉकी संघाचा गोलरक्षक, बावीस वर्षांचा, समोरचा एक दात गायब. हा विषय सुटला नाही तर पुढच्या मोसमात त्याला बर्फावर उतरता येणार नव्हतं. त्याने पहिल्याच दिवशी माझी वही उलटी वाचली.

"मावशी, ही कितीला देणार?"

"विकायची नाही."

"मग शेजारी बसू दे. मी पेस्टी आणत जाईन."

"केचप की ग्रेव्ही?"

"केचप."

"बस."

अशी आमची भागीदारी झाली. तो टक मोजायचा, मी लिहायची. मार्चपर्यंत आम्ही इतके तरबेज झालो, की ड्वेन सरावात बर्फावर पडला तरी पडल्याच्या आवाजावरून संगीतकाराचं नाव सांगायचा.

*

वर्गात मात्र सर शिकवायचे. ट्रेव्हॅरो सर म्हणजे बटाट्यासारखं टक्कल, वर्षभर तोच विटलेला स्वेटर, आणि रविवारी मेथडिस्ट चर्चमध्ये गायकवृंद चालवणारा गडगडणारा आवाज. संगीताचा इतिहास ते शेजाऱ्यांच्या भानगडी सांगाव्या तसा सांगायचे.

"क्रेबिट्झ," ते म्हणाले, "जहागीरदाराच्या पदरी नोकर. अंगावर नोकराचा पोशाख, जेवायला आचाऱ्याच्या शेजारी. जहागीरदार पोट फुटेस्तोवर जेवून संगीत ऐकायला बसायचा आणि ऐकता ऐकता घोरायचा. तोंडावर बोलायची सोय नाही. मग माणूस काय करतो? बोलायचं ते सुरांत बोलतो. ऐका."

सुई खाली. व्हायोलिनं पळत सुटली. चांगली पळत होती. मग एका ठिकाणी रेकॉर्ड अडकली: तारारा-तारारा-तारारा-तारारा. सरांनी मागे न वळता उजवा बूट जमिनीवर आपटला. सुई उडाली, आणि एकदम सगळा वाद्यवृंद गर्जत आला.

"बघितलंत?" सर म्हणाले. "अडकण्याचं सोडा, ते रेकॉर्डचं दुखणं. पण त्यापुढे! धाग्यासारखी चाल ओढत नेली आणि कचकन तोडली. का? जहागीरदाराला दचकवून उठवायला! दोनशे वर्षांपूर्वीचा हा टोमणा आहे, पोरांनो. परीक्षेत विचारतो."

दर वर्षी विचारायचे. तीस वर्षं. आणि दुसऱ्या आठवड्यापासून वर्गातला प्रत्येक जण त्या जागी त्यांच्याबरोबर बूट आपटायचा. आमच्या गावात चाळिशीच्या पुढचा कोणीही माणूस घ्या, ती चाल गुणगुणून दाखवा, पाय आपोआप खाली येतो.

*

परीक्षेआधी आठ दिवस सर वर्गात खोका घेऊन आले. चेहरा असा, की जणू मुलीचं लग्न ठरलंय.

"माजी विद्यार्थ्यांची भेट! सीडी प्लेअर! आणि यादीतल्या सगळ्या रेकॉर्ड, त्याच ध्वनिमुद्रणाच्या, सीडीवर! एकही ओरखडा नाही! परीक्षा यावर होणार. तुमच्या आधीच्या तीस वर्षांतल्या मुलांना जे मिळालं नाही, ते तुम्हाला मिळतंय. स्वच्छ संगीत."

वर्गाचे चेहरे असे पडले, जसे आपल्या संघावर गोल झाल्यावर पडतात.

"सर," ड्वेन म्हणाला, "रेकॉर्डच्या आवाजात जो... ऊबदारपणा असतो..."

"बेलांजे, तू कधीपासून ऊब ऐकायला लागलास?"

बाहेर पडल्यावर मी पायरीवर बसले. वहीची सत्तावीस पानं. तीन महिने टक. आणि १२ मे.

"रडू नकोस," ड्वेन म्हणाला. "माझ्याकडे एक कल्पना आहे."

"तुझ्या कल्पनेचा वास येतोय मला."

"सीडीवर ओरखडे नाहीत, बरोबर? मग आपण पाडू. जिथे रेकॉर्डवर आहेत, तिथेच."

मी चौतीस वर्षांची, म्हाताऱ्यांना औषधं वेळेवर देणारी, टॅक्स वेळेवर भरणारी बाई. मी म्हणाले, "कशाने?"

"बुटाच्या पात्याने."

*

ऐकण्याच्या खोलीत नवा प्लेअर आणि जुना रेकॉर्ड प्लेअर शेजारी-शेजारी होते. सीडी सरावासाठी ठेवल्या होत्या. दुपारी तीन वाजता, दार आतून लावून, आम्ही कामाला लागलो.

अडचण लगेच कळली. रेकॉर्डवरचा टक सीडीवर कुठे पाडायचा, ते ठरवायला आधी कळायला हवं, की टक संगीतात नेमका कुठे येतो. म्हणजे दोन्ही ऐकायचं. एका कानाला रेकॉर्ड, दुसऱ्याला सीडी. आणि त्या जागेला काहीतरी नाव ठेवायचं.

"इथे टक," ड्वेन म्हणायचा.

"इथे म्हणजे कुठे? काय चाललंय तेव्हा?"

"ते... चमच्यांचा खण कोणीतरी उघडलाय, ते वाद्य. आणि खालून एक जण जिना चढतोय."

"कितव्या पायरीवर टक?"

"पाचव्या. थांब, जिना उतरायला लागला. मग दुसरा कोणीतरी त्याच जिन्याने वर येतोय. मावशी, हा तर मघाचाच सूर, पण आता वरच्या मजल्यावर."

"लिहून घे. बाख: जिना."

तीन दिवस असंच. हायडनच्या चौकडीत तीन टकांनंतरचा तो थांबा रेकॉर्डचा नव्हताच, हायडनचा होता. वाद्यं खरंच थांबतात, खोकल्यासारखी, आणि मग काहीच न झाल्यासारखी पुढे जातात. मी हसले. एकटीच, मोठ्याने. इतके दिवस मी नेमका विनोदाच्या जागी टक मोजत बसले होते.

चौथ्या दिवशी ड्वेनने सात नंबरच्या सीडीवर पातं फिरवलं. हलक्या हाताने. लावली, तर सीडी लोण्यासारखी वाजली. मग त्याने जोर लावला. लावली, तर प्लेअरच्या काचेवर दोन आडव्या रेघा आल्या आणि सीडी मेली.

"हे," ड्वेन म्हणाला, "ओरखडे पाडण्याचं काम बंद."

"बंद."

आम्ही सात नंबर डबीत परत घातली आणि एकमेकांकडे बघणं टाळलं.

*

शेवटची क्रेबिट्झ राहिली होती. तिची गरज नव्हती, ती कोणालाही ओळखता येते. तरी लावली. व्हायोलिनं पळाली. तारारा. आमचे दोघांचे बूट हवेत उचललेले.

सीडी अडकली नाही.

तारारा एकदाच आलं, आणि त्याच्या टोकाला एकटाच ओबो, सनईसारखं ते वाद्य, उभा राहिला. बाकी सगळी वाद्यं गप्प. ओबो तीच चाल घेऊन निघाला, पण हळू, जसा कोणी पेंगणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालून पाय न वाजवता बाहेर पडतो. अकरा सेकंद. मग दार लागलं, आणि वाद्यवृंद गर्जत आला.

बूट अजून हवेतच होते.

"हे कुठून आलं?" ड्वेन कुजबुजला.

"परत लाव."

पाच वेळा लावलं. मग रेकॉर्ड लावली. अडकली, आम्ही बूट आपटला, सुई सहा-सात रेघा ओलांडून गर्जनेत उतरली. ओबो तिथेच होता, त्या ओलांडलेल्या रेघांत. तीस वर्षं अख्खं गाव त्याच्या डोक्यावरून उडी मारत होतं.

"मग सरांचा तो टोमणा?"

"टोमणा नाही," मी म्हणाले. "त्याने धागा तोडलेला नाही. माणूस झोपलाय म्हणून आवाज कमी केलाय."

"मावशी," ड्वेन गंभीरपणे म्हणाला. तो गंभीर झाला की दात नसलेली जागा जास्तच दिसते. "परीक्षेत काय लिहायचं?"

मी सीडी परत लावली.

*

परीक्षा. मे महिना, बाहेर अजून चिखलात मिसळलेलं बर्फ, म्हणून सगळ्यांच्या पायात जाड बूट. सव्वीस विद्यार्थी. प्लेअर सरांच्या टेबलावर, टेबल लाकडी फळ्यांच्या जमिनीवर.

सहापर्यंत ठीक. टक नव्हता, पण टक जिथे हवा होता ती जागा मला दिसत होती, आणि त्या जागेच्या आजूबाजूला सगळं संगीत. जिना, खोकला, लाट.

सातवी सीडी. दोन आडव्या रेघा.

"हं?" सर म्हणाले. सीडी काढली, स्वेटरला पुसली, परत घातली. रेघा. ड्वेन खिडकीबाहेरचा पक्षी बघू लागला. बाहेर पक्षी नव्हता.

"असू दे," सर म्हणाले. "नवी यंत्रं! मी गातो."

आणि ते गायले. वरचा आवाज तोंडाने, खालचा बोटांनी टेबलावर, डोळे मिटून, पूर्ण चाळीस सेकंद. मध्येच त्यांनी जीभ टाळूला लावली आणि म्हणाले, "टक." चार ठोक्यांनी पुन्हा, "टक-टक."

सव्वीस पेन एकदम कागदावर पडली. तो प्रश्न कोणाचाच चुकला नाही.

एकोणीस नंबर, क्रेबिट्झ. *इथे संगीतकार काय करतो? एका वाक्यात.*

व्हायोलिनं पळाली. मी मनाला बजावलं: आपटायचं नाही. तारारा आलं, आणि सव्वीस उजवे बूट एका वेळी जमिनीवर आले. माझाही. काय करणार, पाय माझा नव्हता, गावाचा होता. टेबल हललं, प्लेअर उडाला, सीडीचा आवाज ठेचकाळला आणि थेट गर्जनेत जाऊन पडला.

सर खुशीत मान डोलावत होते. सीडीवरही टोमणा शाबूत!

मी कागदाकडे बघत राहिले. वर्गात ओबो वाजला नव्हता. सरांनी शिकवलेलं उत्तर मला पाठ होतं, दोन शब्दांचं: *धागा तोडतो.* आतापर्यंतचे मी मनात मोजले होते. तेरा नक्की, बाकीचे चुकले, आणि विसावी रेकॉर्ड मला कधीच ओळखता आली नव्हती. हा चौदावा.

मी लिहिलं: *झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून एकट्या ओबोला पुढे पाठवतो. अकरा सेकंद.*

*

दारावर यादी लागली. *बेलांजे: १४. कांगास: १३.*

"तू काय लिहिलंस?" मी ड्वेनला विचारलं.

"तोडतो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मावशी, मला खरं काय ते नको होतं, मला चौदा हवे होते."

"मी सरांकडे जातेय."

"तुझं उत्तर बरोबर ठरलं तर माझं चूक ठरेल. माझे तेरा होतील."

"माहीत आहे."

त्याने हातातलं हॉकीचं हेल्मेट काखेत मारलं. मग म्हणाला, "प्लेअर जड आहे. मी उचलून आणतो."

*

सरांच्या खोलीत जेमतेम तीन माणसं मावायची. माझा कागद त्यांच्या समोर होता, एकोणिसाव्या प्रश्नावर लाल शून्य.

"कांगास, ओबो कुठला? मी हे तीस वर्षं ऐकतोय."

"सर, एकदा लावू? पण पाय आपटायचा नाही."

"मी कशाला आपटीन? मला काय कळत नाही?"

ड्वेनने बटण दाबलं. व्हायोलिनं पळाली. सरांचा उजवा पाय आपोआप वर यायला लागला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी गुडघा धरला. पाय तरी वर येत होता. तारारा. त्यांनी गुडघ्यावर सगळा भार दिला, जसं रेड्याला बसवतात.

ओबो उठला.

अकरा सेकंद कोणी हललं नाही. गर्जना आली, आणि ड्वेनने बंद केलं.

"परत," सर म्हणाले.

परत लावलं. या वेळी त्यांनी गुडघा धरला नाही.

"परत."

तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं रडतायत. वळले तेव्हा दिसलं, की कान लाल करून आवाज न करता हसतायत.

"तीस वर्षं! तीस वर्षं मी पोरांना ओरडून सांगतोय, नीट ऐका, नीट ऐका!" त्यांनी टक्कल चोळलं. मग हसू उतरलं. "पण कांगास, घोटाळा बघ. तुझं बरोबर दिलं तर बाकी पंचवीस जणांचं चूक द्यावं लागेल. त्यांनी मी शिकवलं तेच लिहिलं. त्यातल्या अकरा जणांचे बरोबर चौदा आहेत."

"बारा," ड्वेन पडलेल्या आवाजात म्हणाला. "मला धरून बारा."

"एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं कशी देऊ? डीन विचारेल."

"सर," मी म्हणाले, "वर्गात जे वाजलं त्यात धागा तुटला होता. आम्हीच तोडला, बुटांनी. त्यांनी ऐकलं ते लिहिलं. मी त्याच्याखाली होतं ते लिहिलं. तुम्ही विचारलंत, संगीतकार काय करतो. कुठला संगीतकार ते नाही विचारलंत. क्रेबिट्झने ओबो पाठवला. आपल्या गावाने तोडला."

"गाव संगीतकार आहे म्हणतेस?"

"तीस वर्षं वाजवतंय."

सरांनी ड्वेनकडे पाहिलं. ड्वेन प्लेअरची वायर गुंडाळायला लागला.

"आणि सात नंबर कशाने मेली, ते दोघांपैकी कोणी सांगणार आहे का?"

"नाही, सर," आम्ही एकदम म्हणालो.

सरांनी लाल पेन उचललं. शून्यापाठोपाठ काही न लिहिता त्यांनी शून्याच्या पोटातून एका गुणाची उभी रेघ ओढली, इतकी हळू, की तिचा आवाज ऐकू आला. मग दाखल्याचा कोरा फॉर्म टाइपरायटरमध्ये सरकवला आणि माझं आडनाव दोन बोटांनी बडवायला लागले. बाकीच्या पंचवीस कागदांना त्यांनी हात लावला नाही.

"पुढच्या वर्षी काय शिकवणार, सर?" ड्वेनने दारातून विचारलं.

"आधी तोडलेलं. मग हे." ते मान वर न करता म्हणाले. "बूट बाहेर काढून ठेवायला लावीन."

मी बारा तारखेला सकाळी नऊ वाजता तो दाखला नर्सिंग कॉलेजच्या खिडकीत दिला. आतल्या बाईने तो दोनदा वाचला, शिक्का मारला आणि म्हणाली, पांढरे बूट सप्टेंबरच्या आधी घेऊन ठेवा.

१७७४ साली क्रेबिट्झच्या त्या जहागीरदाराकडे नोकर एकोणचाळीस होते, त्यांत ओबो वाजवणारा एकच, आणि दुपारी तो घोड्यांना पाणी पाजायचा.